पसरलेला हात आणि राबणारा हात

देवळाच्या पायरीवर बसलेल्या भिकाऱ्याच्या थाळींत पैसा टाकणाऱ्या भाविकाची नजर बहुधा थाळीवर असते. भिकाऱ्याच्या तोंडाकडे ती क्वचितच वळते. त्यांतून तो भिकारी कुष्ठरोगी असेल, तर पैसा वरून टाकला जातो, हाताला हात लागूं नये याची काळजी घेतली जाते, आणि पुण्य पदरांत पडल्याच्या समाधानांत दाता देवदर्शनाला जातो. या व्यवहारांत एकाची भूक भागते, दुसऱ्याचें मन शांत होतें; मग उणें काय राहतें? या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्यास विदर्भांतील कुष्ठसेवेचा इतिहास फार उपयोगी पडतो. दुःखिताला अन्न, वस्त्र व औषध दिलें म्हणजे सेवा संपली, असें मानणारा समाज, त्याचा गेलेला आत्मसन्मान त्याला परत मिळावा कसा, या विचारापर्यंत कोणत्या वाटेनें आला, तें या इतिहासांत पायरी-पायरीनें पाहावयास मिळतें.

नॉर्वे देशांतील बर्गेन येथें हॅन्सेन या डॉक्टरानें १८७३ सालीं या रोगाचे जंतु शोधून काढले. तोंपर्यंत हा रोग पूर्वजन्मींच्या पापाचें फळ किंवा रक्तांतून आलेला वारसा समजला जात असे. जंतूंचा शोध लागला तरी ती समजूत गेली नाहीं. तिच्यांत संसर्गाच्या भीतीची भर मात्र पडली. वास्तविक बहुसंख्य माणसांच्या शरीरांत या रोगाला तोंड देण्याची शक्ति उपजतच असते, आणि तो सहजासहजीं एकापासून दुसऱ्यास होत नाहीं. परंतु त्याच्या खुणा लपत नाहींत. हे जंतु मज्जातंतूंवर घाला घालतात. हातापायांची जाणीव जाते, बोटें वांकडीं होतात, आणि चटका बसलेला किंवा जखम झालेली कळेनाशी झाल्यामुळें ती चिघळत जाऊन बोटें हळूहळू झिजतात. अंगावर चट्टा दिसला कीं घरांत त्या माणसाचें ताट वेगळें होई, मग अंथरूण वेगळें होई, आणि अखेरीस गांवाबाहेर त्याची रवानगी होई. रोगानें बोटें नेण्यापूर्वींच त्याचें नांव, नातें आणि धंदा हीं समाजानें काढून घेतलेलीं असत.

अशा निराश्रितांसाठीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या खटपटीनें १८९० सालीं माटुंग्यास आश्रयस्थान उभें राहिलें. मराठी वाचकांस हे ॲकवर्थ आणखी एका नात्यानें परिचित आहेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्यानें त्यांनीं मराठ्यांचे ऐतिहासिक पोवाडे गोळा करून प्रसिद्ध केले. रस्त्यांत पडलेल्या माणसाला छप्पर मिळालें, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि त्या काळची एकंदर दृष्टि १८९८ च्या कुष्ठरोगीविषयक कायद्यांत स्पष्ट दिसते. हा कायदा जेथें लागू होई तेथें, भीक मागणाऱ्या किंवा निर्वाहाचें साधन नसलेल्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रयस्थानांत पाठविण्याचा अधिकार पोलिसांना मिळे. त्याच कायद्यानें कुष्ठरोग्यानें खाण्यापिण्याचे जिन्नस विकणें, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणें, भाड्याच्या गाडींत बसणें यांवर सरकारला बंदी घालतां येई. भीक मागितली तर अटक, आणि कांहीं कमावूं म्हटलें तर विक्रीस मनाई, अशा दुहेरी पेंचांत तो माणूस सांपडला. हा कायदा अखेर २०१६ सालीं, म्हणजे एकशें अठरा वर्षांनीं, रद्द झाला.

या दृष्टीला पहिला धक्का वर्ध्याच्या परिसरांत बसला. विनोबांच्या सहवासांत तयार झालेले मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठधाम काढलें. परदेशी मिशनऱ्यांनीं हिंदुस्थानांत हें काम पूर्वींच हातीं घेतलें होतें. पण एका सुशिक्षित मराठी तरुणानें आपलें सारें आयुष्य कुष्ठरोग्यांमध्यें घालविण्याचें ठरविणें ही त्या काळीं नवी गोष्ट होती. पुढें १९३९ सालीं संस्कृतचे जाणकार परचुरेशास्त्री सेवाग्रामच्या आश्रमाच्या दारीं आले. येरवड्याच्या तुरुंगांत असल्यापासून गांधीजी त्यांना ओळखत होते. शास्त्रीबोवांना कुष्ठरोगानें ग्रासलें होतें. गांधीजींनीं त्यांना आश्रमांत ठेवून घेतलें, त्यांच्यासाठीं कुटी बांधविली, आणि स्वतःच्या हातांनीं त्यांच्या अंगाला तेल लावण्याचा नेम धरला. औषधाच्या दृष्टीनें त्या मालिशाचें मोल कितीहि असो. ज्या शरीराला घरच्यांनीं शिवणें सोडलें होतें, त्याला देशांतील सर्वांत थोर पुरुषाचा हात रोज लागत होता. पुढें गांधीजींनीं कुष्ठसेवेला आपल्या विधायक कार्यक्रमांत स्थान दिलें. १९४६ सालीं अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं तपोवन वसविलें. स्पर्शाची भीति अशी हळूहळू ओसरूं लागली होती. परंतु पसरलेल्या हाताचा प्रश्न अद्याप शिल्लकच होता.

तो प्रश्न ज्यांनीं मुळापासून हातीं घेतला, ते मुरलीधर देवीदास उर्फ बाबा आमटे वरोड्यास वकिली करीत. गोऱ्या शिपायांच्या त्रासांतून एका स्त्रीची सुटका करण्यास ते धांवले होते, आणि त्यांच्या निर्भयपणाची खुद्द गांधीजींनीं वाखाणणी केली होती. एका पावसाळी रात्रीं घरीं परततांना त्यांना गटाराच्या कडेला एक गांठोडें पडलेलें दिसलें. जवळ जाऊन पाहतात तों तो एक जिवंत माणूस होता. हाताला बोटें नव्हतीं आणि जखमांत किडे पडले होते. त्याचें नांव तुळशीराम. जो पुरुष बंदुकीला भ्याला नव्हता, तो त्या निःशस्त्र, मरणोन्मुख माणसाला भिऊन घराकडे पळाला. पण घरीं गेल्यावर त्यांना चैन पडेना. आपण रोगाला भ्यालों, म्हणजे आपली निर्भयता सोयीपुरतीच होती, हा विचार त्यांना बोंचूं लागला. ते परत गेले, तुळशीरामाच्या डोक्यावर आडोसा उभा केला, त्याला खाऊं घातलें, त्याच्या जखमा धुतल्या. तुळशीराम वांचला नाहीं. परंतु त्या भयानें बाबांच्या आयुष्याची दिशा बदलली. या कामाचा उगम दुसऱ्यावरील दयेंत नसून स्वतःच्या भीतीवर जय मिळविण्यांत होता, असें बाबा पुढें आग्रहानें सांगत. हा भेद महत्त्वाचा आहे. दया करणारा उंचावर उभा असतो. भीति जिंकूं पाहणाऱ्याला समोरच्या माणसाच्या पातळीवर यावेंच लागतें.

कलकत्त्यास जाऊन बाबांनीं या रोगाचें शिक्षण घेतलें. १९४९ सालीं महारोगी सेवा समितीची स्थापना झाली, आणि १९५१ च्या जून महिन्यांत विनोबांच्या हस्तें आनंदवनाचा आरंभ झाला. त्या वेळचें भांडवल सर्वश्रुत आहे : वरोड्याजवळची ५० एकर खडकाळ, झुडुपांनीं माजलेली जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि रोख १४ रुपये. साधनाताई व दोन तान्हीं मुलें बरोबर होतीं. साप आणि विंचू तर पावलोंपावलीं. पहिलें काम विहिरीचें निघालें. ज्यांच्या हातीं आजवर केवळ भिकेचें भांडें आलें होतें, त्यांनीं पहार व कुदळ धरली. ज्यांचे हात अधू होते त्यांनीं पायांवर भागविलें, ज्यांचे पाय गेले होते त्यांनीं बसल्या जागीं करण्यासारखें काम घेतलें, आणि दोघां-तिघांनीं मिळून एका धडधाकट माणसाचा वांटा उचलला. खडक फुटला, पाणी लागलें. ती विहीर कोणा दात्याच्या नांवाची नव्हती. ज्यांनीं ती खणली त्यांनींच तिचें पाणी ओढलें.

येथें एक अडचण नमूद करणें अवश्य आहे. ज्या हाताची जाणीव गेली आहे, त्यानें काम करावें कसें? कुदळीचा दांडा तळव्याला सोलून काढतो आणि कामकऱ्याला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. स्वाभिमान देणारें कामच या हातांना घातक होऊं शकतें. या कोड्याचा शास्त्रीय उलगडा त्याच काळांत दक्षिणेस मद्रास इलाख्यांत, वेल्लोरच्या रुग्णालयांत होत होता. तेथील शस्त्रवैद्य पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, बोटें रोगानें आपोआप गळून पडत नाहींत. न कळलेल्या जखमांनीं व भाजण्यानें तीं झिजतात, आणि म्हणून जपणूक केली तर वांचतात. वांकड्या बोटांत शाबूत स्नायूंचे बंध जोडून तीं सरळ करण्याची शस्त्रक्रिया त्यांनीं १९४७ च्या सुमारास सुरू केली. पण पुढें जें घडलें त्यानें डॉक्टरहि चक्रावले. हात सुधारलेले कांहीं रुग्ण परत येऊन तक्रार करूं लागले कीं, आतां भीक मिळत नाहीं. वांकडा हात पाहून लोक द्रवत. सरळ हाताला भीक कोणी घालीना, आणि रुग्ण म्हणून काम तर कोणीच देईना. बोटें बरीं झालीं आणि माणूस उपाशी राहिला. तेव्हां ब्रँड यांनीं रुग्णालयाच्या आवारांतच नव्या जीवनाचें एक केंद्र उभारलें व तेथें सुतारकाम, खेळणीं करणें असे धंदे शिकविण्यास आरंभ केला. हत्यारांचे दांडे कसे असावेत, काम संपल्यावर रोज हातपाय कसे तपासावेत, हेंहि तेथें शिकविलें जाई. शस्त्रक्रियेनें हात मिळतो; त्याला काम मिळालें नाहीं तर तो पुन्हा पसरतो, हा वेल्लोरचा धडा वरोड्याच्या अनुभवाशीं तंतोतंत जुळतो.

याच दशकांत डॅप्सोन हें औषध हाताशीं आलें. चौलमुग्र्याच्या तेलाच्या वेदनामय टोंचण्यांनीं जें साधत नव्हतें तें या गोळ्यांनीं साधूं लागलें. शरीरांतील जंतु मरूं लागले आणि रुग्ण संसर्गमुक्त ठरूं लागला. पण वैद्यानें बरा ठरविलेला माणूस गांवानें बरा मानला असें मात्र नव्हतें. आनंदवनाला याचा अनुभव लौकरच आला. विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला पिकला, तेथील माणसांना पुरून उरला, आणि विकण्यासाठीं वरोड्याच्या बाजारांत गेला. तो कोणी घेईना. दान म्हणून जुने कपडे देणारे सज्जनहि कुष्ठरोग्यानें पिकविलेलें वांगें पैसे देऊन घेण्यास तयार नव्हते. साऱ्या प्रयोगाची खरी कसोटी या क्षणीं लागली. त्या भाजीला गिऱ्हाईक मिळालें नसतें, तर राबणारा हात पुन्हा थाळीकडेच वळला असता. कारण ज्याचा माल कोणी घेत नाहीं, त्याच्या श्रमाला खेळाहून अधिक किंमत उरत नाहीं.

या कोंडींतून वाट निघाली ती दूरच्या पाहुण्यांमुळें. आंतरराष्ट्रीय सेवासंघाचे निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनांत येऊन राहिले. त्यांनीं रुग्णांच्या बरोबरीनें इमारती बांधल्या, आणि तेथेंच पिकलेली भाजी खाल्ली. हें वरोड्याच्या लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. साता समुद्रांपलीकडून आलेलीं हीं मुलें येथें जेवतात आणि त्यांना कांहीं होत नाहीं, हें दिसल्यावर भीतीची पकड सैल झाली. आनंदवनाची भाजी व दूध बाजारांत खपूं लागलें. त्या पहिल्या गिऱ्हाइकानें मोजलेल्या आण्यांचें मोल कोणत्याहि देणगीहून अधिक होतें. देणगीनें पोट भरलें होतें, या आण्यांनीं मान वर झाली.

पुढचा इतिहास विस्ताराचा आहे. हातमाग, सुतारकाम, लोहारकाम, छपाई असे उद्योग निघाले; अंधांच्या व मूकबधिरांच्या शाळा निघाल्या; १९६७ पासून सोमनाथ येथें रोगमुक्त माणसांची शेती उभी राहिली. त्यांतील एक घटना मात्र विशेष सांगण्यासारखी आहे. १९६४ सालीं आनंदवनाच्या भूमीवर महाविद्यालय सुरू झालें. आसपासच्या निरोगी मुलामुलींसाठीं कुष्ठरोग्यांनीं आपल्या श्रमानें त्याची उभारणी केली. ज्यांनीं एकेकाळीं त्यांची भाजी नाकारली होती, त्याच पंचक्रोशींतील पालक आपलीं मुलें त्यांच्या अंगणांत शिकावयास पाठवूं लागले. देणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलल्या.

आनंदवन देणग्यांवांचून चाललें, असा याचा अर्थ नव्हे. समाजानें दिलें म्हणूनच तें वाढलें, आणि जे वृद्ध व पंगु होते त्यांना तेथें श्रमावांचूनहि अन्न मिळालें. फरक इतकाच कीं, ज्याच्या अंगांत थोडें तरी बळ आहे त्याच्याकडे आलेल्या देणगीचें तेथें अवजार झालें, बियाणें झालें, माग झाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजीं बाबांनीं आनंदवनांत देह ठेवला. तोंवर रोगाचें स्वरूपहि पालटलें होतें. १९८१ नंतर रूढ झालेल्या बहुविध औषधयोजनेनें हा रोग ठराविक मुदतींत पूर्ण बरा होऊं लागला. तरीहि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून कायद्यांत राहिलें होतें. तें काढून टाकण्यास २०१९ साल उजाडावें लागलें. शरीरांतील जंतूंपेक्षां मनांतील समजुतींचें आयुष्य केवढें मोठें असतें, हें यावरून दिसतें.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर या इतिहासानें दिलेलें आहे. आत्मसन्मान ही वस्तु थाळींत टाकतां येत नाहीं. ती दात्याच्या खिशांत नसतेच. दुःखितानें केलेल्या वस्तूला कोणी तरी योग्य दाम मोजतो, तेव्हां ती त्याच्या अंतरांत उगवते. म्हणून आजारानें, अपंगत्वानें वा दारिद्र्यानें खचलेल्या माणसाला उभें करावयाचें, तर त्याला देणारे जसे पाहिजेत, तसे त्याच्यापासून घेणारेहि पाहिजेत. देणारे वरोड्याला पूर्वींहि होते. विहीर खणून झाल्यावर वाट पाहावी लागली ती घेणाऱ्यांची.