आठ दिवस, आठ रात्री

१८८० साली जळगावजवळच्या असोद्यात बहिणाबाईंचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने मुलांच्या कामाचे तास नऊवर आणले, मोठ्यांच्या तासांना हात लावला नाही. शिवाय कारखान्यात किमान शंभर माणसं हवीत आणि तो वर्षात चार महिन्यांहून जास्त चालायला हवा, अशी अट होती. खानदेशातले कापसाचे जिन हंगामी. त्यातले कित्येक या चाळणीतून सहज खाली पडले.

आत काय चालायचं, ते १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढच्या साक्षीत आहे. एरवी काम पहाटे चार-पाचला सुरू होऊन रात्री आठ-नऊपर्यंत चाले. मार्च-एप्रिलच्या गर्दीत जिन आणि प्रेस दिवसरात्र चालत, संध्याकाळी अर्धा तास सुट्टी. तीच माणसं सलग आठेक दिवस आणि रात्री राबत. त्यापुढे शरीर चालतच नसे. जिनवर बहुतेक बायकाच होत्या.

शेतातलं काम हलकं होतं असं मुळीच नाही. बहिणाबाईंच्या गाण्यांत पेरणी, मोट, उपणणी सगळं आहे, आणि त्या बाईने आयुष्यभर उन्हात हाडं झिजवली. पण दिवस मावळला की मोट थांबते, बैलही थकतो. वाफेचं इंजिन थकत नाही. आणि बहिणाबाईंचं लिहून घ्यायला सोपानदेव होते. जिनमधल्या बायकांचं जे कागदावर आलं, ते दुसऱ्यांच्या तोंडून.

याच कमिशनकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला.

आता चाळीस वर्षं पुढे आणि समुद्रापार जाऊ, कारण व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट सहसा तिथून सुरू होते. १९२३ साली एल्टन मेयो फिलाडेल्फियाच्या एका कापड गिरणीत गेला. पुढे तो हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक झाला आणि हॉथॉर्नच्या प्रयोगांमुळे गाजला. या गिरणीच्या सूतकताई विभागात माणसं टिकत नव्हती. शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षाला अडीचशे माणसं घ्यावी लागत. बोनसच्या योजना फसल्या होत्या. मेयोने सकाळी दोन आणि दुपारी दोन अशा दहा-दहा मिनिटांच्या विश्रांती दिल्या, त्याही आडवं पडून. कामगारांची मरगळ कमी झाली, सोडून जाणं थांबत आलं, पहिल्यांदाच बोनसही मिळाला. मध्येच ऑर्डरची घाई आली, तेव्हा मुकादमांनी विश्रांती बंद केली. उत्पादन घसरलं. शेवटी गिरणीच्या मालकानेच ती परत सुरू केली.

मेयोला कमी लेखण्याचं कारण नाही. कामगार आळशी नसतो, थकलेला असतो आणि थकवा मनातही साचतो, हे त्याने मालकांच्या गळी उतरवलं. पण गळी उतरलं ते उत्पादन वाढलं म्हणून. वाढलं नसतं तर? लोखंड्यांच्या अर्जात हा प्रश्नच नव्हता. तिथे माणूस थकतो एवढंच पुरेसं होतं. त्या अर्जाला कुणी ‘संशोधन’ म्हटलं नाही, आणि खानदेशातल्या आठ रात्री तर साक्षीच्या फाइलीतच राहिल्या.

आज ‘एम्प्लॉयी वेलबीइंग’वर ढिगाने पेपर निघतात. माझ्यासारख्या आयटीवाल्याला दर तीन महिन्यांनी एक फॉर्म येतो: आज तुम्हाला कसं वाटतंय, एक ते पाच. रात्रीचं डिप्लॉयमेंट संपवून मी तीनवर टिचकी मारतो. त्याच मजल्यावर रात्री लाद्या पुसणाऱ्या मावशींना तो फॉर्म येत नाही. त्या कंत्राटावर आहेत, सिस्टीममध्ये त्यांचा ईमेल आयडीच नाही. चार महिन्यांच्या अटीचंच हे नवं रूप. कुणाच्या थकव्याची नोंद घ्यायची, हे फॉर्म बनायच्या आधीच ठरलेलं असतं.

चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले १९११ साली. तोवर असोद्याची ती मुलगी लग्न होऊन जळगावला आली होती, आणि एकतिशीत पोचली होती.