मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल

गेल्या दिवाळीच्या सुटीत भाचा आमच्याकडे आला होता. एका संध्याकाळी त्याने मला बॉब डिलनच्या एका जुन्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकवले. आमच्या घरचा संगीताचा पसारा म्हणजे नाट्यपदे आणि भक्तिगीते. विजेची गिटार कानांवर आदळताच मी चकल्यांचा सोऱ्या उचलून स्वयंपाकघरात निघाले. तो म्हणाला, "मावशी, गाणे राहू दे. मध्ये तो माणूस काय ओरडतो ते ऐक."

दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत कुणी एक जण खणखणीत ओरडला, "जूडास!" ख्रिस्ताला तीस नाण्यांसाठी शत्रूच्या हवाली करणारा तो शिष्य. आपल्याकडे घरभेद्या म्हणतात, त्याहूनही जिव्हारी लागणारा शब्द. गुन्हा काय, तर साध्या गिटारीवर लोकगीतांच्या धाटणीची गाणी म्हणणारा हा गायक उत्तरार्धात विजेची वाद्ये आणि साथीदारांचा ताफा घेऊन उभा राहिला. डिलनने त्या माणसाला खोटारडा ठरवले आणि साथीदारांना आणखी मोठ्याने वाजवायला फर्मावले. तारीख १७ मे १९६६. चोरून विकल्या गेलेल्या तबकड्यांवर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे नाव पडल्यामुळे पुष्कळ वर्षे लोक हा प्रसंग लंडनचा समजत. तो घडला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये.

नाटकात 'वन्समोअर' देणारा आणि नावडले की शिट्ट्या घालणारा प्रेक्षक आपल्याला नवा नाही. पण त्या एका शब्दामागे मी लागले, आणि पुढे असे ध्यानात आले की, या वास्तूत समोर बसलेली माणसे कधी गप्प बसलेलीच नाहीत.

ती जागाच तशी. तिथे पूर्वी सेंट पीटरचे मैदान होते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी साठ हजारांच्या आसपास माणसे तिथे जमली होती, बायकामुलांसह. एवढे मोठे गिरणगाव, पण पार्लमेंटात त्याचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. तो मागायला ती आली होती. त्यांच्या अंगावर तलवारी उपसलेले घोडेस्वार घालण्यात आले. चारच वर्षांपूर्वीच्या वॉटर्लूच्या लढाईवरून लोकांनी या पराक्रमाला 'पीटर्लू' असे उपहासाचे नाव दिले.

परदेशी धान्यावर जबर कर बसवून भाकरी महाग करणारे कायदे १८४६ साली रद्द झाले. त्या विजयाचे स्मारक म्हणून रिचर्ड कॉब्डेनने दिलेल्या याच भूमीवर १८५६ साली इटालियन हवेलीच्या थाटाचे हे सभागृह पुरे झाले. खुल्या व्यापाराचे हे मंदिर! त्या व्यापाराने आमच्या विणकरांच्या मागांचे काय केले, ते आपण जाणतोच. तरी त्याच कापडगिरण्यांतल्या कामगारांनी, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस येईना आणि पोट उपाशी, अशा स्थितीत १८६२ सालच्या अखेरच्या दिवशी याच सभागृहात जमून गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. त्याच टंचाईत मुंबईचे कापूसवाले गबर होत होते.

१९०५ साली इथल्या एका राजकीय सभेत दोन तरुणी उठल्या. तुमचे सरकार बायकांना मत देणार काय, एवढेच त्यांनी विचारले. उत्तर नाही, उलट त्यांना ओढून बाहेर काढण्यात आले. दोघींनी दंड नाकारून तुरुंग पत्करला. एक ख्रिस्ताबेल पँकहर्स्ट. दुसरी ॲनी केनी, लहानपणापासून गिरणीत राबलेली.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या समारंभात पाहुण्यांचे भाषण चालू असता सहावीतली एक मुलगी उभी राहिली. मुलींच्या संडासाला दार कधी बसणार, असे तिने विचारले. मी तिचा हात धरून तिला खाली बसवले. ती आता आठवीत आहे. वर्गात माझ्या प्रश्नांना उत्तरे देते, स्वतः होऊन काही विचारत नाही.

डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बनी सभागृहाचा आतला भाग पार जाळून टाकला. बाहेरच्या भिंती वाचल्या. १९५१ साली ते पुन्हा उघडले. १८५८ पासून इथे वाजवणारा हॅले वाद्यवृंद परतला, आणि पुढे त्याच मंचावर फिरते रॉक गायकही येऊ लागले. ४ जून १९७६ रोजी वरच्या मजल्यावरच्या छोट्या दालनात लंडनहून एक वाद्यमेळ आला. नाव सेक्स पिस्टल्स. वडीलधाऱ्यांपुढे उच्चारण्याजोगे नव्हे. तिकीट अर्धा पौंड, श्रोते मोजके. या पोरांना धड वाजवता येत नाही, मग आपणही का वाजवू नये, असे ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटले. पीटर हुक नावाच्या तरुणाने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. त्याच्या आणि मित्रांच्या खटपटीतून जॉय डिव्हिजन हा वाद्यमेळ उभा राहिला. पुढे त्या रात्री आपण तिथे होतो असे सांगणारे इतके निघाले, की ते त्या दालनात मावलेच नसते.

१९९६ साली हॅले नव्या ब्रिजवॉटर हॉलमध्ये गेला आणि हे सभागृह बंद झाले. जुनी दर्शनी भिंत राखून मागे हॉटेल बांधले गेले. ते २००४ साली उघडले.

त्या भिंतीवर पूर्वी एक निळी पाटी होती. १८१९ साली जमलेला जमाव लष्कराने 'पांगवला' एवढेच तीत होते. लोकांनी आक्षेप घेतला. २००७ साली तिच्या जागी तांबडी पाटी आली. तीत शस्त्रधारी घोडदळाचा हल्ला आहे, १५ मृत्यू आहेत आणि ६०० हून अधिक जखमी.