हिराकस, हिवाळा आणि छायाचित्र



ठाणे, कल्याण, डोंबिवली या आमच्या पट्ट्यात थंडी फार दिवस मुक्काम करीत नाही. मार्गशीर्षात येते आणि माघ संपायच्या आत पाठ फिरवते. नाशिक-नगरकडच्या माणसाला आमच्या थंडीचे हसूच येईल. पण या थोड्या आठवड्यांची वाट पाहणारी काही माणसे आमच्याकडे पूर्वी होती आणि मूठभर आजही आहेत. ती म्हणजे घरच्या घरी फिल्म धुणारी माणसे. आज मला त्यांचाच इतिहास आपणांस सांगायचा आहे.

आपण सहज बोलतो, 'रोल धुवायला टाकला.' हे धुणे म्हणजे काय, ते आधी पाहू. फिल्मच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीच्या लवणांचे बारीक कण असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते, तेव्हा काही कणांना उजेड लागतो, काहींना लागत नाही. डोळ्यांना मात्र फरक दिसत नाही. मग ती पट्टी अंधारात एका द्रावणात बुडवावी लागते. ते द्रावण उजेड लागलेल्या कणांतली चांदी मोकळी करते आणि चित्र काळे होऊन वर येते. या द्रावणाला म्हणतात डेव्हलपर. नंतर हायपोच्या पाण्यात उरलेली लवणे विरघळवून टाकली, की चित्र पक्के झाले.

आता यात हिवाळ्याचा संबंध कुठे आला? तो आला जिलेटिनमुळे. सुतार लाकूड चिकटवायला सरस वापरतो ना, त्या सरसाचेच हे शुद्ध रूप. गार पाण्यात ते थोडे फुगते, कोमट पाण्यात मऊ पडते आणि गरम पाण्यात विरघळते. पुस्तकांत फिल्म धुण्यासाठी 20 अंश सेल्सियस उष्णता सांगितलेली असते. ती थंड मुलुखांतली पुस्तके! तिथल्या माणसाला हिवाळ्यात पाणी तापवून घ्यावे लागते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणीच 30 अंशांच्या वर असते. 20 अंशांच्या जवळपासचे पाणी नळातून आपोआप मिळायचे, तर ते पौष महिन्याच्या पहाटेच.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकलो ठेच लागल्यावर. एम. ए. च्या वर्गात होतो तेव्हाची गोष्ट. आमची आजी चैत्रात गेली. तिचे शेवटचे फोटो माझ्या कॅमेऱ्यातल्या रोलवर होते. मला धीर निघेना. मे महिन्याच्या दुपारी न्हाणीघराच्या फटींना काळे कापड लावून मी तो रोल धुवायला घेतला. बर्फ आणावा, एवढे सुचले नाही. डबी उघडून पाहतो, तर ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा फिल्मवरचा थर सुटून पाण्यात तरंगत होता. छत्तीसपैकी चार चित्रे हाती लागली. त्यांतल्या एकात आजीचा फक्त हात आहे, सुपातल्या तांदळावर ठेवलेला. त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतले, की ज्या काळात ना बर्फ ना वीज, त्या काळात आमच्या या उष्ण मुलुखात लोकांनी ही चित्रे काढली तरी कशी?

छायाचित्रणाची कला 1839 साली युरोपात जाहीर झाली आणि आपल्याकडे यायला तिला फार वर्षे लागली नाहीत. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आगगाडी कल्याणला पोहोचली तीही त्याच वर्षी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नाणावलेले छायाचित्रकार. म्हणजे ही विद्या आपल्या लोकांनी अगदी पहिल्या पिढीतच हाती घेतली होती.

आता कल्याणच्या पुढे अंबरनाथला चला. वालधुनीच्या काठचे तिथले शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. त्यावरच्या लेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060, असा काळ आहे. 1868 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे टेरी नावाचे अध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या देवळाच्या पाहणीसाठी आले. त्यांनी रेखाचित्रे काढली, शिल्पांचे साचे घेतले आणि छायाचित्रेही घेतली. असली कामे पावसाळा उलगडल्यावरच होत. वाटा कोरड्या, आकाश स्वच्छ, आणि तिसरे कारण फोटोवाल्याचे स्वतःचे.

ते कारण असे. त्या वेळी फिल्म नव्हती, काच होती. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. कलोडियनमध्ये ईथर असतो आणि ईथर सुमारे 35 अंशांना उकळतो. आमच्याकडचा वैशाख आठवा! काच हातातच सुकायची. म्हणून अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाण्याच्या घागरी देवळाच्या अंगणातच मांडाव्या लागत आणि काम सकाळच्या गारव्यात उरकावे लागे.

आणि डेव्हलपर कोणता? तयार पुडी मिळत नव्हती. ज्याचा त्याने कालवायचा. त्यातले मुख्य द्रव्य होते हिराकस! आपल्या गावातल्या रंगाऱ्याकडे असायचे तेच. हिराकस, पाणी, थोडे अ‍ॅसेटिक आम्ल, थोडा मद्यार्क, झाला डेव्हलपर तयार. उन्हाळ्यात तो फार झपाट्याने चाले, चित्र काळवंडून जाई. मग आम्ल वाढवायचे, म्हणजे त्याचा वेग मंदावतो. त्याआधीच्या कागदी निगेटिव्हच्या रीतीत गॅलिक आम्ल वापरीत. ते मायफळातून निघते. आता गंमत पाहा. मायफळाच्या किंवा हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातले, की काळी शाई होते. म्हणजे ज्या दोन वस्तूंपासून शाई झाली, त्याच घराण्यातल्या वस्तूंनी छायाचित्रही उमटवले. शिक्षकबंधूंनी हा शाईचा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. खर्च फार नाही.

अंबरनाथच्या पुढे त्याच लोहमार्गावर बदलापूर आणि मग वांगणी. या वांगणीची एक कथा सांगतात. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. आधी त्यांनी रोपाच्या अंकुराची वाढ चित्रित केली, ती दाखवून भांडवल उभे केले आणि 'राजा हरिश्चंद्र' हाती घेतला. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली. दादासाहेब मागून यायचे होते. तोवर नटमंडळी ढालतलवारी घेऊन तालीम करू लागली. गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोर आले! पाटलाने फौजदाराला वर्दी दिली आणि राजा हरिश्चंद्राची फौज अटकेत पडली. शेवटी दादासाहेबांनी कॅमेरा मांडून, हे काय प्रकरण आहे ते दाखवले, तेव्हा सुटका झाली.

या कथेला आपण हसतो. पण खरे काम रात्री चाले, आणि ते घरात. दिवसा घेतलेली फिल्म दादासाहेब रात्री धूत आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई त्यांच्या जोडीला असत. फिल्मच्या कडेला जी छिद्रे लागतात, ती अंधारात यंत्राने पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी केले. दागिनेही दिले आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. चित्रपट पुरा व्हायला सात महिन्यांच्या आसपास लागले आणि 3 मे 1913 रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. मधला हिवाळा या कामाला किती मोलाचा वाटला असेल, हे ज्याने मे महिन्यात रोल धुतला आहे त्याला सांगायला नको. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली.

नंतर मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही द्रव्ये सर्वत्र रूढ झाली. 1927 साली कोडॅक कंपनीने डी-76 नावाचा डेव्हलपर काढला आणि त्याची कृती छापून उघड केली. एक लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम आणि बोरॅक्स 2 ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे सोनाराचा टाकणखार. माझ्या लहानपणी कल्याणच्या बाजारपेठेतले एक फोटोवाले ही द्रव्ये तराजूत तोलून पुड्या बांधून ठेवीत. उन्हाळ्यासाठी त्यांची वेगळी कृती होती. जिलेटिन फुगू नये म्हणून डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचे आणि हायपोत तुरटी. 'पुस्तक विलायतेचे, पाणी उल्हास नदीचे,' असे ते म्हणत. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात असल्या माणसांनीच आपापल्या गावांतली लग्ने, मुंजी, शाळांचे वर्ग आणि पुराची दृश्ये टिपून ठेवली. देशी फिल्म यावी म्हणून 1960 साली उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1967 पासून त्याचे उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' हे नाव घरोघर गेले. आता तो कारखानाही बंद पडला.

डिजिटल कॅमेरा आला आणि हे सारे मोडीत निघाले, असे वाटले होते. पण 1995 साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत एका वर्गाने कॉफी आणि धुण्याचा सोडा यांचा डेव्हलपर करून दाखवला. कॉफीतले कॅफेइक आम्ल हे काम करते. आता त्याची रूढ कृती अशी आहे. एक लिटर पाण्याला निर्जल धुण्याचा सोडा 54 ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड 16 ग्रॅम आणि झटपट कॉफी 40 ग्रॅम. वेळ 20 अंशांना 15 मिनिटे. खड्यांचा सोडा असेल तर त्यात पाण्याचाच अंश मोठा असतो, म्हणून तो पावणेतीनपट घ्यावा. कॉफी चिकोरी नसलेली हवी. सोडा डोळ्यांना लागू देऊ नये. वास मात्र फार वाईट येतो, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवावे!

गेल्या पौषात मी माझ्या विद्यार्थ्यांबरोबर हा प्रयोग केला. आदल्या दिवशी अंबरनाथच्या देवळाचे फोटो घेतले आणि पहाटे साडेपाचला डोंबिवलीच्या घरात रोल धुतला. पाणी 21 अंश. फिल्म दिव्यासमोर धरली, तेव्हा देवळाची कोरीव भिंत उलट्या उजेडात स्वच्छ उभी होती. एक मुलगी म्हणाली, "सर, तेव्हाच्या मुलांनाही असंच दिसलं असेल ना?" मी म्हटले, होय, असेच.

तिच्या या प्रश्नातच आजच्या भाषणाचे सार आहे. टेरींचे नाव इतिहासात आहे, दादासाहेबांचे आहे आणि ते असायलाच हवे. पण ज्यांनी काच ओली ठेवली, हिराकस कालवले, पाण्याला बोट लावून 'आता चालेल' म्हटले, त्यांची नावे आपल्या ओठांवर नाहीत. विलायतेची विद्या आमच्या उन्हापाण्यात चालती केली ती या हातांनी. सरस्वतीबाईंचे नाव तरी आपण आज घेतले. गावोगावच्या फोटोवाल्यांचे आणि त्यांच्या घरच्या बायकांचे नाव कोण घेणार?

म्हणून माझी खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या गावच्या जुन्या फोटोवाल्याच्या घरी जा. माळ्यावर काचा असतील, निगेटिव्हची पाकिटे असतील, कृतींची वही असेल. काचा पुसून खिडकीला लावण्याआधी, वही रद्दीत जाण्याआधी, त्या मागून घ्या. कोरड्या जागी, कागदात गुंडाळून, उभ्या ठेवा. आणि फोटोत कोण आहे एवढेच न विचारता, तो धुतला कोणी, हेही विचारून पाठीमागे लिहून ठेवा. सांगणारी माणसे अजून आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.