नावावर आहे, पण कुणाचं आहे?



परिग्रह-परिमाण व्रत घेताना आपण सोनं इतके तोळे, साड्या इतक्या, घर एक अशी मर्यादा ठरवतो. पण मर्यादा घालायची तर आधी आपल्याकडे काय आहे याची मोजदाद हवी. मोजायला बसलं की लगेच प्रश्न येतो, यातलं माझं किती? एफडीवर नाव माझं, पैसे ह्यांचे. फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ते एकाच्या पगारातून. दागिने काही माहेरचे, काही सासरचे.

इन्कम टॅक्सचा आणि वारसाचा कायदाही बाईच्या बाबतीत हाच प्रश्न विचारत आला आहे. त्याची उत्तरं वेळोवेळी कशी बदलली, ते आज थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या देशात इन्कम टॅक्स १८६० मध्ये आला. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीवर ताण होता, म्हणून जेम्स विल्सन यांनी तो आणला. पुढे १९२२ च्या कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंब हा वेगळा करदाता धरला गेला, आणि आपली जैन कुटुंबंही त्यातच मोडतात. कुटुंबाचा कर्ता म्हणजे घरातला थोरला पुरुष. वह्या त्याच्या, सही त्याची. बाईचं स्त्रीधन तिचं मानलं जाई, पण हिशेबाच्या वहीत तिचं पान क्वचितच असे.

तरी आपल्या समाजाची एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. भद्रबाहु संहितेसारख्या जैन ग्रंथांत पतीच्या मागे पत्नीला वारसात मानाचं स्थान दिलेलं आहे. १८७८ मध्ये उत्तरेतल्या सरावगी अग्रवाल जैनांचा एक खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पतीने स्वतः कमावलेल्या मालमत्तेवर निपुत्रिक विधवेचा पूर्ण हक्क आहे, ती मालमत्ता ती विकूही शकते, ही त्या समाजाची रूढी तिथे मान्य झाली. त्या काळी इतर हिंदू विधवांना सहसा फक्त हयातीपुरता उपभोग मिळत असे. अर्थात हा नियम सगळ्या जैनांना आपोआप लागू नव्हता. रूढी कोर्टात सिद्ध करावी लागे.

नंतर १९३७ साल आलं आणि त्या एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या. एका कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, पण हयातीपुरताच. त्याच वर्षी इन्कम टॅक्सच्या कायद्यात एक कलम घातलं गेलं. पतीने पत्नीला मोबदला न घेता मालमत्ता दिली, तर त्यातून येणारं उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात धरायचं. कर वाचवण्यासाठी लोक बायकोच्या नावावर पैसे ठेवत, त्याला हा आळा होता. ‘क्लबिंग’ म्हणतात तो हाच नियम.

मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला. तो जैनांनाही लागू आहे, तसं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्या १४ व्या कलमाने बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची केली. हयातीपुरता हक्क बहुतेक ठिकाणी संपला. पती मृत्युपत्र न करता गेला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई यांना सारखे वाटे मिळू लागले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये तो देशभरातल्या सगळ्या मुलींना मिळाला, लग्न झालेल्यांनाही.

कराचे नियम तर सतत बदलत राहिले. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर १९५३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये गेला. संपत्तिकर १९५७ मध्ये आला, तो २०१५ च्या बजेटमध्ये रद्द झाला. आपल्या व्यापारी घरांत हिशेबाचं वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. वीर निर्वाणानंतर नवी चोपडी उघडायची, त्याच वर्षावर करही भरायचा. १९८९ पासून करासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चलाच संपतं. चोपडीपूजन आपण अजून दिवाळीलाच करतो, हिशेब मात्र मार्चमध्ये मिटतो.

२००५-०६ मध्ये बायकांसाठी करमाफीची मर्यादा १,३५,००० रुपये होती, पुरुषांसाठी १,००,०००. तो फरक २०१२-१३ मध्ये संपला. त्या वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच घरांत सुनांची पॅन कार्डं निघाली, त्यांच्या नावाने रिटर्न जाऊ लागली. कागदावर बाई करदाती झाली, पण फाइल कपाटात कुठे आहे हे कित्येकींना माहीत नव्हतं. आता १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होतो आहे. भाषा सोपी झाली, क्लबिंगचा नियम मात्र त्यातही आहे.

हे सगळं कशासाठी सांगते आहे? कारण ह्या नियमांचा खरा चटका घरातला कर्ता गेल्यावर बसतो. पती असेपर्यंत त्यांनी दिलेल्या पैशांच्या एफडीचं व्याज त्यांच्या रिटर्नमध्ये जातं. ते गेले की क्लबिंग संपतं, व्याज आपलं उत्पन्न होतं आणि जबाबदारीही आपली. त्यांचं शेवटचं रिटर्न कायदेशीर वारस म्हणून आपल्यालाच भरावं लागतं. वारसाने मिळालेल्या रकमेवर कर नाही, पण त्यावर पुढे मिळणाऱ्या व्याजावर आहे.

दुसरा गैरसमज नॉमिनीचा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये विम्याबाबत आणि २०२३ मध्ये शेअर्सबाबत हेच सांगितलं. (विम्यात २०१५ पासून पती-पत्नी, मुलं, आई-वडील नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद आहे.) बँकेत आता चार नॉमिनी देता येतात. तरी ते पैसे वारसांसाठी घेणारे विश्वस्तच असतात.

सोन्याबद्दलही सांगते. आयकर विभागाच्या १९९४ च्या सूचनेप्रमाणे झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. ती सूट जप्तीपुरती आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. पावत्या जपून ठेवा.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एका विधवेचं प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत पती सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी तिने शिक्षण घेतलं, नोकरी केली, बँकेत पैसे आणि प्रॉव्हिडंट फंड साठवला. मृत्युपत्र न करता ती गेली. मूलबाळ नव्हतं. कोर्टाने तिची कमाई माहेरच्यांना न देता पतीच्या वारसांना दिली, कारण १५ व्या कलमात तसंच लिहिलं आहे. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, कायदा स्पष्ट आहे, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

ज्यांनी तिला हाकललं, त्यांच्याच घरी तिची आयुष्यभराची बचत गेली. दोन साक्षीदारांच्या सह्यांचं एक पान असतं, तर हे टळलं असतं.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये. आपण मृत्युपत्राला अशुभ समजतो. पण मंदिराला, पाठशाळेला, गोशाळेला काही द्यायचं मनात असेल, तर ते लिहिल्याशिवाय वारसांवर बंधनकारक होत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या रविवारी एक वही घ्या. एका पानावर स्वतःच्या नावावर काय आहे ते लिहा आणि प्रत्येक ओळीसमोर पैसा कुठून आला ते लिहा: माहेरचं, कमाई, पतीने दिलेलं, वारसाने आलेलं. शेजारी नॉमिनीचं नाव. यजमानांनाही त्यांचं पान लिहायला सांगा. रिटर्न मुलगा भरो की सीए, सही करण्याआधी आपली रक्कम किती ते विचारा. विचारण्यात अविश्वास नाही. घरची किराणा यादी आपण डोळे झाकून देत नाही, मग ही सही तरी का द्यावी?

जय जिनेंद्र.