घरगुती व्यायामाच्या साधनांचें आयुष्य

घरच्या घरीं व्यायाम करण्याची हौस अगदीं अलीकडची आहे, अशी समजूत पुष्कळांच्या ठिकाणीं आढळते. ती खरी नव्हे. इ. स. १७११ च्या जुलै महिन्यांत ‘स्पेक्टेटर’ पत्राच्या ११५ व्या अंकांत ॲडिसननें आपल्या खोलीच्या कोपऱ्यांतील ‘डंबेल’चें वर्णन केलें आहे. तें आजचें लोखंडी डंबेल नव्हे. चर्चची घंटा ओढावी तसें ओढावयाचें, परंतु नाद न करणारें असें तें साधन होतें. ‘मुकी घंटा’ हें नांव त्यावरूनच पडलें. घरमालकीण व तिच्या मुली त्या वेळीं आंत येऊन व्यत्यय आणीत नाहींत, हेंही तो आवर्जून सांगतो!

मुद्गलाचा प्रवास मात्र आमच्याकडून तिकडे झाला. हिंदुस्थानांतील गोऱ्या अंमलदारांनीं तालमींत पाहिलेला हा प्रकार डोनाल्ड वॉकरच्या १८३४ च्या पुस्तकांत उतरला. १८६६ त न्यूयॉर्कच्या सिम किहोनें त्यावर स्वतंत्र पुस्तक काढलें. आणि १९०४ च्या सेंट लुइस येथील ऑलिंपिकमध्यें मुद्गल फिरविण्याची शर्यतही झाली. ज्याला खिळा नाहीं, सांधा नाहीं, त्याचें बिघडणार काय? वाळवी व ओल यांपासून जपलें कीं एक जोडी दोन पिढ्यांस पुरते.

खरा फरक सॅंडोनें पाडला. १८६७ सालीं प्रशियांत जन्मलेला हा मल्ल १९०४-०५ त हिंदुस्थानांत येऊन गेला. मुठींत दाबावयाचें स्प्रिंगचें डंबेल आणि रबरी दोऱ्यांचें ‘डेव्हलपर’ हीं त्याचीं साधनें वजनानें हलकीं, टपालानें मागविण्याजोगीं होतीं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनींही सुमारें दहा वर्षें सॅंडोच्या पद्धतीनें व्यायाम केला. पुढें त्यांनीं सूर्यनमस्कारांचा कैवार घेतला, ज्यांस साधनच लागत नाहीं. रबराचा दोष असा कीं, तें वापरलें तरी झिजतें आणि न वापरलें तरी हवेनें व उन्हानें तडकतें. ताणलेला पट्टा डोळ्यांसमोर तुटला तर इजा होते, म्हणून ही गोष्ट केवळ पैशाची नव्हे. स्प्रिंगही गंजते आणि वारंवार दाबून थकते.

याच सुमारास, १९०२ सालीं, फिलाडेल्फियांत ॲलन कॅल्व्हर्टनें ‘मायलो’ नांवाची कंपनी काढून वजन कमीअधिक करतां येणारे बारबेल विकण्यास आरंभ केला. ही कल्पना आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. शक्ति वाढली कीं भर वाढवावी, दांडी तीच. अशी दांडी आणि बिडाच्या चकत्या आजही घरांत ठेवण्यास उत्तम. घेतांना दांडीच्या टोकांची कळ घट्ट बसते कीं नाहीं, तेवढें पाहावें.

विजेवर चालणाऱ्या ट्रेडमिलची गोष्ट निराळी. पट्टा, मोटर व विद्युत्-फलक, तिन्ही बिघडणारे. सुटे भाग गांवांत मिळतात काय, हें आधीं विचारावें. तिच्या नांवाचा मूळ धनी मात्र भलताच टिकाऊ होता. विल्यम क्युबिटनें १८१८ सालीं इंग्रजी तुरुंगांसाठीं पायऱ्यांचें एक प्रचंड चाक योजलें आणि कैद्यांकडून तें तासन्‌तास चढवून घेतलें जाई. ब्रिटिश तुरुंगांतून तें जावयास १८९८ चा कायदा लागला.