अर्धशक्तीचे माप

व्यायाम किती करावा, या प्रश्नाला सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दिलेले उत्तर आजही विचार करायला लावते. सुश्रुत बैठकांची संख्या सांगत नाही, चालण्याचे अंतरही सांगत नाही. ज्याच्या त्याच्या बळाच्या निम्म्यापर्यंत व्यायाम करावा, एवढेच सांगतो. निम्मे बळ खर्ची पडले हे ओळखायचे कसे? हृदयस्थानचा वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे धाप लागून तोंडाने श्वास सुरू झाला, की थांबावे. वय, बळ, देश, काळ आणि आहार पाहून हे ठरवावे, अशी पुस्तीही तो जोडतो. पुढे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त ऋतूचा निर्देश केला. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही अर्धी शक्ती वापरावी ती थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहून कमी.

या विचारातील मर्म असे, की माप बाहेरचे नाही, करणाऱ्याच्या अंगचे आहे. बळ वाढले की त्याचे निम्मेही वाढते, घटले की तेही घटते.

पाश्चात्त्य परंपरा नेमक्या याच ठिकाणी फार लांबचा वळसा घेऊन आली. वाफेच्या इंजिनाची ताकद गिऱ्हाइकाला उमजावी म्हणून जेम्स वॅटने अठराव्या शतकात तिची घोड्याशी तुलना केली. त्याच्या नावाचे एकक १८८२ साली विल्यम सीमेन्स यांनी सुचवले. हा वॅट सायकलस्वाराच्या पायाशी पोचायला मात्र आणखी शंभर वर्षे लागली. १९८६ च्या सुमारास उलरिख शोबरर या जर्मन अभियंत्याने सायकलच्या क्रँकवर बसणारा पॉवर मीटर तयार केला. पुढे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी, स्वाराला सुमारे तासभर टिकवता येईल अशी कमाल शक्ती हा पाया मानला आणि तिच्या टक्केवारीवर सरावाचे सात झोन आखले. हंटर अ‍ॅलन यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या २००६ च्या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर रूढ झाली. वीस मिनिटे जोर लावून सायकल चालवावी, सरासरी वॅटचे ९५ टक्के घ्यावेत, तोच आपला पाया, अशी तिची सोपी रीत आहे.

वॅटचा आकडा अचूक असतो, आणि अचूक आकड्यावर माणूस लवकर विसंबतो. एक उदाहरण घेऊ. एखाद्याची वीस मिनिटांची सरासरी २०० वॅट आली, तर पाया १९० चा. त्याने १४० वॅटने सायकल चालवली तर ते ७४ टक्के, म्हणजे दुसऱ्या झोनचा वरचा काठ. दमसास वाढवणारा दीर्घ सराव. काही महिन्यांनी सरासरी २४० झाली, पाया २२८ वर गेला. आता तेच १४० वॅट ६१ टक्के भरतात. जुन्या आकड्याला धरून बसलेला स्वार कष्ट करतो, पण पुढे सरकत नाही. उलट आजारपणानंतर सरासरी १६० वर आली, तर पाया १५२ चा आणि १४० वॅट थेट ९२ टक्के. हा चौथा झोन. तेथे तासभर टिकणेही कठीण. म्हणूनच दर सहा-आठ आठवड्यांनी, तसेच दुखणे किंवा मोठ्या खंडानंतर, चाचणी नव्याने घेऊन झोन पुन्हा आखावे लागतात.

हे आम्हाला जामनेरात उमगले ते अनुभवाने. चाळिशीनंतर घरी वॅट दाखवणारी स्थिर सायकल आणली. हिवाळ्यात आकडे चढत गेले. मग तापाने तीन आठवडे अंथरूण धरले, आणि उठलो तो चैत्र संपत आलेला. वहीत जुना आकडा होता, अभिमानही जुनाच होता. तोच आकडा गाठायचा म्हणून बसलो. दहाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि घरच्यांनी हाताला धरून उतरवले. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्त तिकडे वळते, घामाने शरीरातले पाणी उतरते, तेवढ्याच वॅटसाठी हृदयाला अधिक धडधडावे लागते. आजार नसता तरी तो आकडा त्या दुपारी जड गेला असता. तोंडाने श्वास तर चौथ्या मिनिटालाच सुरू झाला होता. आमचे लक्ष पडद्यावर होते.

साहित्याच्या अध्यापकाला यात ओळखीचे काही दिसते. कोशातला अर्थ छापला जातो त्या दिवशी बरोबर असतो. भाषा पुढे जाते, म्हणून नवी आवृत्ती काढावी लागते. जुन्या आवृत्तीला खोटे कोणी म्हणत नाही, पण तिच्यावरून आजचे वाक्य तपासतही नाही. झोनची वहीही अशीच आवृत्त्यांची. आमच्या वहीत आता प्रत्येक आकड्यापुढे तारीख असते, ऋतू असतो, आणि धाप केव्हा लागली याची नोंदही असते. वैशाखातल्या नव्या चाचणीत पाया बराच खाली आला. तो लिहिताना हात थोडा अडखळला, पण त्याच आकड्यावरून पुढचा सराव सुरू झाला.