रॅम भरली की स्टोरेज ड्रायव्हर का अडकतो?

पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये बसून तुम्ही ट्रिपचे व्हिडिओ ओटीजी पेन ड्राइव्हवर टाकताय. मागे गेम चालू, ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडे. अचानक कॉपी थांबते आणि फोन ढिम्म! याची कारणं अनेक असू शकतात. त्यातलं एक फारसं कोणाला माहीत नसतं: स्टोरेज ड्रायव्हरने चुकीच्या वेळी मागितलेली मेमरी.

नेमकं होतं काय?
अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. तुम्ही कॉपी केलेला डेटा बऱ्याचदा आधी रॅममध्ये थांबतो. अजून स्टोरेजवर न लिहिलेल्या या तुकड्यांना 'डर्टी पेज' म्हणतात. रॅम कमी पडली की कर्नल ही पेजेस लिहून जागा मोकळी करतो. लिहिण्याचं काम ड्रायव्हरचं. पण त्या कामासाठी ड्रायव्हरलाच थोडी मेमरी लागली तर? कर्नल म्हणतो, आधी डेटा लिहून होऊ दे. ड्रायव्हर म्हणतो, आधी मेमरी दे. दोघंही अडकतात. हाच डेडलॉक.

गर्दीच्या लोकलच्या दारातही हेच होतं: आतले उतरल्याशिवाय बाहेरच्यांना जागा नाही आणि बाहेरचे सरकल्याशिवाय आतल्यांना वाट नाही.

दुसरा धोका म्हणजे मेमरी मिळालीच नाही आणि ड्रायव्हरने ते तपासलंच नाही. मग कर्नल क्रॅश होऊन फोन रीस्टार्ट होऊ शकतो.

यावर उपाय काय?
• जीएफपी_नोआयओ: मेमरी मागतानाच ड्रायव्हर सांगतो, 'माझ्यासाठी जागा करायला स्टोरेजवर काही लिहू नकोस.'
• मेमपूल: थोडी मेमरी आधीच राखून ठेवायची. काम झालं की ती परत पूलमध्ये जमा.
• २०१३ च्या लिनक्स ३.९ मध्ये एका टप्प्यातल्या सगळ्या मागण्यांना हा नोआयओ नियम लावायची सोय आली. यूएसबी डिव्हाइस रीसेट होताना ती वापरली जाते.

तुम्ही काय कराल?
ड्रायव्हरची चूक आपल्याला दुरुस्त करता येत नाही, पण सिस्टिम अपडेटमधून ती दुरुस्ती येऊ शकते, म्हणून अपडेट टाळू नका. मोठी कॉपी करताना जड ॲप्स बंद ठेवा. पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढा. आणि मूळ व्हिडिओ डिलीट करण्याआधी कॉपी एकदा उघडून बघा, कारण रॅममध्ये अडकलेला डेटा फोन बंद पडला की गेलाच!